खर्जाचे मोल : बास गिटारचा संग्रह आणि आपले कान

वैद्यकीय व्यवसायातील मंडळींचे छंद हा स्मरणिकांचा आवडता विषय आहे. नाणी, टपाल तिकिटे, कॅमेरे, जुन्या ध्वनिमुद्रिका ह्यांच्या संग्रहांविषयी आपण पुष्कळदा वाचलेले असते. ज्या वाद्याभोवती जगभर हौशी संग्राहकांचे मोठे वर्तुळ उभे राहिले आहे, त्या इलेक्ट्रिक बास गिटारविषयी मात्र मराठीत फारसे लिहिले जात नाही. वाद्य अपरिचित वाटले तरी त्याचा आवाज अपरिचित नाही. राहुल देव बर्मन ह्यांची १९७०च्या दशकातील गाणी आठवावीत. तालवाद्यांच्या खाली जो भरदार, चालता स्वर गाण्याला पुढे नेत असतो, तो बास गिटारचा. त्याच्याकडे मुद्दाम कान देऊन सहसा कोणी ऐकत नाही. परंतु तो काढून घेतला तर गाणे पोकळ वाटू लागते.

ह्या वाद्याच्या उत्तम नमुन्यांची किंमत आज हजारो डॉलरच्या घरात जाते. साहजिकच प्रश्न पडतो, की दसपट किमतीचे वाद्य दसपट राहोच, पण ओळखू येण्याइतके तरी चांगले वाजते काय? औषध महाग आहे म्हणून ते गुणकारी, असे आपण रुग्णाला सांगत नाही. तोच निकष आपल्या छंदालाही लावून पाहावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

सोयीपोटी जन्मलेले वाद्य

पूर्वी वाद्यवृंदात खर्जाची जबाबदारी डबल बासकडे असे. हे वाद्य माणसाच्या उंचीहून मोठे. प्रवासात गैरसोयीचे आणि पितळी वाद्यांच्या गजरात ऐकू न येणारे. सिएटल येथील पॉल टुटमार्क ह्यांनी १९३०च्या दशकात पडदे असलेले, आडवे धरून वाजविण्याचे विजेवरील बास वाद्य तयार केले होते. पण ते फारसे रुजले नाही. ते श्रेय मिळाले कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर ह्यांना. रेडिओ दुरुस्तीच्या व्यवसायातून वाद्यनिर्मितीकडे वळलेल्या ह्या गृहस्थांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. त्यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बास' बाजारात आणला. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो, म्हणून हे नाव. तारेची लांबी ३४ इंच. चार तारांपैकी सर्वांत खालची ४१ हर्ट्झवर लागते, म्हणजे साध्या गिटारच्या खालच्या तारेपेक्षा एक सप्तक खाली.

१९५७ साली ह्या वाद्याच्या पिकअपमध्ये एक सुरेख सुधारणा झाली. वेटोळे दोन भागांत विभागून त्यांची रचना परस्परविरुद्ध ठेवण्यात आली. त्यामुळे विजेच्या पुरवठ्यातून येणारी घरघर दोन्ही भागांत उलटसुलट येऊन नाहीशी होते आणि तारेचा आवाज मात्र कायम राहतो. १९६० साली दोन पिकअप व निमुळती मान असलेला 'जॅझ बास' आला. पुढे जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस ह्या मोठ्या उद्योगसमूहाने विकत घेतली, आणि त्यापूर्वीची वाद्ये संग्राहकांच्या दृष्टीने दुर्मीळ रत्ने ठरली.

कार्यशाळांतून आलेली वाद्ये

१९७०च्या दशकापासून कारखान्याबाहेर, लहान कार्यशाळांत हाताने घडविलेली वाद्ये येऊ लागली. कॅलिफोर्नियातील अलेम्बिक ह्या संस्थेने अनेक लाकडांचे थर एकत्र जोडलेली मान आणि वाद्याच्या आतच बॅटरीवर चालणारे इलेक्ट्रॉनिक मंडल अशी रचना रूढ केली. नेड स्टाइनबर्गर ह्यांनी खुंट्यांचा माथाच काढून टाकला आणि लाकडाऐवजी कार्बन तंतूंचे मिश्रण वापरले. वादक अँथनी जॅक्सन ह्यांच्या आग्रहातून १९७५ साली कार्ल थॉम्प्सन ह्यांनी सहा तारांची बास गिटार घडविली. तिची खालची तार ३१ हर्ट्झपर्यंत उतरते. १९८३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सुरू झालेल्या फोडेरा कार्यशाळेची वाद्ये आज ह्या श्रेणीतील मानाची समजली जातात.

ह्या वाद्यांशी आपल्या मातीचाही एक धागा जोडलेला आहे. जगभरातील गिटारींच्या मानेवर ज्या पट्टीत पडदे बसविलेले असतात, तिच्यासाठी वापरले जाणारे 'इंडियन रोझवूड' म्हणजे सह्याद्रीच्या जंगलांत वाढणारी आपली शिसव. धोक्यात आलेल्या प्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' ह्या आंतरराष्ट्रीय कराराने जानेवारी २०१७ मध्ये शिसवीच्या संपूर्ण कुळावर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा परदेशांतून वाद्ये मागविणाऱ्या संग्राहकांची मोठी अडचण झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवीवरील १९९२ पासूनचे कडक निर्बंध मात्र उठलेले नाहीत.

वाद्याइतकेच महत्त्व अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकरच्या पेटीला. १९६९ साली अ‍ॅम्पेग कंपनीने 'एसव्हीटी' हा ३०० वॅटचा, चौदा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर काढला आणि त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्यात तो वापरला गेला. त्याचे वजन सुमारे ३८ किलो. शिवाय दहा इंची आठ स्पीकरांची उंच पेटी वेगळी, जी हलविण्यास दोन माणसे लागतात. आज त्याहून अधिक शक्तीचे 'क्लास डी' पद्धतीचे अ‍ॅम्प्लिफायर दोन-तीन किलो वजनात मिळतात. तरीही जुन्या व्हॉल्व्हच्या आवाजातील ऊब नव्यात नाही, असे अनेक जाणकार मानतात. ते खरे की आठवणींचा परिणाम, हे ठरविण्यासाठी आपल्याला प्रथम कानाचे शरीरशास्त्र उजळावे लागेल.

खर्ज आपण ऐकतो कसा

आपले कान खालच्या स्वरांच्या बाबतीत मंद असतात. फ्लेचर व मन्सन ह्यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या आलेखांपासून हे सर्वमान्य आहे. १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलला जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटण्यासाठी ४० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ८३ डेसिबल लागतात. एकूण आवाज वाढविला की हे अंतर कमी होते. म्हणूनच कोणताही अ‍ॅम्प्लिफायर थोडा मोठा केला की तो अधिक 'भरीव' वाटू लागतो. दुकानात दोन वाद्यांची तुलना करताना ज्याचा आवाज यत्किंचित मोठा, तेच चांगले वाटते. गुणवत्तेचा त्यात काही संबंध नसतो.

दुसरी गोष्ट अधिक नवलाची आहे. ज्या आठ स्पीकरांच्या पेटीची एवढी ख्याती, तिचा आवाज तिच्याच तांत्रिक माहितीनुसार ५८ हर्ट्झच्या खाली उतरू लागतो. म्हणजे ४१ हर्ट्झचा मूळ स्वर ती पूर्ण ताकदीने देतच नाही. तरी आपल्याला तो ऐकू येतो, कारण त्या स्वराची ८२, १२३, १६४ हर्ट्झची उपस्वरांची मालिका कानावर पडते आणि तिच्यावरून मेंदू मूळ स्वर सिद्ध करतो. जुन्या टेलिफोनवर ३०० हर्ट्झच्या खालचे काहीच जात नसे. तरीही पुरुषाचा सुमारे १०० ते १२० हर्ट्झचा आवाज पुरुषाचाच ओळखू येत असे, तो ह्याच न्यायाने.

आपल्या सीमाभागातील संगीतप्रेमींना हा अनुभव नवा नाही. मिरजेचा तंबोरा काळी एकमध्ये लावला तर त्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झ असतो. पण घोडीवर जवारी नीट लागली की त्या एका तारेतून वरच्या स्वरांचे सारे मोहोळ उठते. तंबोऱ्याचे मोल आपण त्या उपस्वरांवरून करतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२१ साली तंबोरा व वीणा ह्यांच्या ह्याच गुणावर संशोधन प्रसिद्ध केले होते. बास गिटारचेही तसेच आहे. तिच्यातील फरक खालच्या स्वरापेक्षा बोटाच्या आघातात आणि तारेच्या धातूच्या झंकारात, म्हणजे पुष्कळ वरच्या पट्टीत असतो.

तिसरा घटक म्हणजे खोली. चार मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४३ हर्ट्झला ध्वनिलहरी भिंतींमध्ये अडकून ठाण मांडते. भिंतीजवळ बसलात तर बासची खालची तार घुमते, मध्यभागी बसलात तर तीच क्षीण होते. खुर्ची दोन मीटर सरकविल्याने पडणारा हा फरक दोन महागड्या वाद्यांमधील फरकापेक्षा सहज मोठा असू शकतो.

डोळे झाकून केलेली परीक्षा

वैद्यकशास्त्राने अंध चाचणीची पद्धत स्वीकारली, कारण अपेक्षेचा परिणाम भल्याभल्यांना चुकवीत नाही. संगीतवाद्यांवर अशा चाचण्या झाल्या आहेत. क्लॉडिया फ्रिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे २१ व्हायोलिनवादकांना काळे चष्मे घालून सहा व्हायोलिन वाजविण्यास दिली. त्यांपैकी तीन नवी होती. उरलेल्यांत दोन स्ट्राडिव्हारी व एक ग्वार्नेरी. बहुसंख्यांनी नवे वाद्य पसंत केले आणि सर्वांत कमी पसंती एका स्ट्राडिव्हारीला मिळाली. पुढे पॅरिसमध्ये दहा नामवंत एकलवादकांवर बारा व्हायोलिनांनिशी हाच प्रयोग झाला, तेव्हा सहा जणांनी नवे वाद्य निवडले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या प्रयोगात केवळ पाठीचे व बाजूंचे लाकूड वेगळे असलेल्या सहा गिटारी ५२ वादकांना न दिसू देता वाजविण्यास दिल्या. त्यांत आपली शिसवही होती आणि दुर्मीळ ब्राझीलची शिसवही. आवाजाचे गुण जवळजवळ सारखेच मिळाले.

त्या गिटारी पोकळ होत्या, लाकूड स्वतः गाणाऱ्या. बास गिटारचे शरीर भरीव असते आणि पिकअपला समजते ते केवळ पोलादी तारेचे कंपन. तेव्हा दुर्मीळ लाकडासाठी मोठी रक्कम मोजणाऱ्याने ती दृष्टीच्या आनंदासाठी मोजावी. कानासाठी मोजत असल्यास प्रथम परीक्षा घ्यावी.

ही परीक्षा घरच्या घरी करता येते. दोन्ही वाद्यांना एकाच जातीच्या, सारख्याच वापरलेल्या तारा असाव्यात, कारण नव्या व जुन्या तारांतील फरक बहुधा सर्वांत ठळक असतो. अ‍ॅम्प्लिफायर व बसण्याची जागा एकच असावी. आवाजाची पातळी मापकाने सारखी करावी आणि त्यासाठी 'सी' श्रेणी वापरावी. 'ए' श्रेणी ४० हर्ट्झला सुमारे ३५ डेसिबल वजा करून मोजते, त्यामुळे खर्ज तिच्या हिशेबातच येत नाही. मग ऐकणाऱ्याने पाठ फिरवून बसावे आणि वाजविणाऱ्याने दर वेळी नाणे उडवून वाद्य निवडावे. बारा फेऱ्यांत दहा किंवा अधिक वेळा वाद्य बरोबर ओळखले, तर ते निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी असते. सहा-सात वेळाच ओळखता आले, तर किमतीतील फरक कानाला पटलेला नाही असे समजावे.

मग पैसा कशाचा?

ह्याचा अर्थ महागडी वाद्ये व्यर्थ आहेत असा मुळीच नाही. मानेची घडण, पडद्यांची समपातळी, वजनाचा तोल, घरघर नसणे, पाचव्या तारेचा खालचा स्वरही स्पष्ट उमटणे, हवामान बदलले तरी मान न वाकणे, ह्या गोष्टी वादकाच्या हाताला निश्चित कळतात. उत्तम कारागिराच्या श्रमाचे ते रास्त मोल आहे. शस्त्रक्रियेचे चांगले हत्यार हातात नीट बसते, ह्याचे महत्त्व आपल्याला कोणी सांगावयास नको. परंतु त्या हत्याराने कौशल्य येते असे आपण म्हणत नाही.

ह्या वाद्याचा इतिहासही तेच दाखवितो. डेट्रॉइटच्या मोटाउन ध्वनिमुद्रिकांचे आधारस्तंभ जेम्स जेमर्सन ह्यांचा १९६२चा प्रिसिजन बास कारखान्यात तयार झालेला, साधाच होता. ते एकाच बोटाने छेडीत, तारा बदलीत नसत, आणि स्टुडिओत त्यांचा आवाज बहुतांशी अ‍ॅम्प्लिफायरविना थेट यंत्रात घेतला जाई. जॅको पास्टोरियस ह्यांनी आपल्या १९६२च्या जॅझ बासचे पडदे उपटून त्यावर होड्यांना लावतात तसे इपॉक्सीचे लेपण दिले आणि त्याच वाद्यावर १९७६ साली बास वादनाची दिशा बदलणारी ध्वनिमुद्रिका काढली. पॉल मॅकार्टनी ह्यांचा १९६१ साली घेतलेला हॉफनर बास १९७२ मध्ये चोरीस गेला व पन्नास वर्षांनी परत मिळाला. तोही मुळात स्वस्त म्हणून घेतलेला. आज ह्या वाद्यांना किंमत आहे ती त्यांवर जे वाजले त्यामुळे.

शेवटी एक सूचना, व्यवसायबंधू म्हणून. तीनशे वॅटची पेटी लहान खोलीत लावून तासन् तास तुलना करणे धोक्याचे आहे. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानली, तर दर तीन डेसिबल वाढीगणिक ती निम्मी होते. शंभर डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. ऑडिओग्रामवर ४००० हर्ट्झपाशी पडणारी खाच आपण रुग्णांत नेहमी पाहतो. दोन वाद्यांतील बारीक फरक ज्या वरच्या पट्टीत राहतो, तीच पट्टी आधी जाते. वयपरत्वेही प्रथम तीच क्षीण होते. ज्या संग्राहकाला आपल्या वाद्यांतील भेद साठीनंतरही ऐकावयाचे आहेत, त्याने पुढचे वाद्य घेण्यापूर्वी कानांच्या संरक्षणाची चांगली बोंडे घ्यावीत, वर्षातून एकदा श्रवणचाचणी करावी, आणि जे वाद्य घरात आहे ते रोज थोडा वेळ, बेताच्या आवाजात वाजवावे.