शेतकऱ्यांचे कर्जरोखे आणि त्यांची पाठ

जुन्या दफ्तरांचे रुमाल सोडले म्हणजे सनदा, महजर, निवाडपत्रें व राजकीय पत्रें प्रथम निवडलीं जातात. कुणब्यांचे कर्जरोखे बहुधा तळाशींच राहतात. अमक्या कुणब्यानें तमक्या सावकारापासून चाळीस रुपये घेतले, यांत इतिहास तो काय, अशी समजूत त्याच्या मुळाशीं असते. जे थोडे अभ्यासक हे रोखे वाचतात, तेहि पुढील बाजू वाचून, रकम व व्याजाचा दर टिपून थांबतात. आणि अशा शेंदोनशें टिपणांच्या आधारें दक्षिणेंतील शेतकरी पिढ्यान् पिढ्या कर्जांत बुडालेला व उधळा होता, असें अनुमान काढून मोकळे होतात. हें अनुमान आम्हांस मान्य नाहीं. कां मान्य नाहीं, तें रोख्याच्या पाठीकडे पाहिल्यावांचून कळणार नाहीं.

प्रथम शास्त्र पाहूं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत ऋणादान व लेख्य अशीं दोन प्रकरणें आहेत. लेख्यांत वर्ष, मास, पक्ष, तिथि, उभयतांचीं नांवें, जाति, गोत्र व पित्याचें नांव असावें. ऋणकोनें आपली संमति स्वहस्तें लिहावी. साक्षीदारांनीं नांवें घालावीं. आणि शेवटीं लेखकानें, उभयतांच्या विनंतीवरून हें लिहिलें, असें नमूद करावें, असा तेथें विधि आहे. मोडी रोखा हातीं घेऊन हा विधि ताडून पाहावा. शके, संवत्सर, तिथि, घेणाराचें व देणाराचें नांव, मुद्दल, व्याज, मुदत, साक्षी आणि हस्ताक्षर असा क्रम बहुधा जुळतो. ज्याला लिहितां येत नाहीं अशा कुणब्याच्या नांवापुढें नांगराची निशाणी असते, एवढाच काय तो फरक.

याच प्रकरणांत पुढें दोन आज्ञा आहेत, आणि आमच्या विषयाचें मर्म त्यांत आहे. ऋणकोनें जसजशी रकम फेडावी तसतशी ती लेख्याच्या पाठीवर लिहावी, अथवा धनकोनें स्वहस्ताची पोंच द्यावी, ही पहिली आज्ञा. ऋण पुरतें फिटलें म्हणजे लेख्य फाडून टाकावें, किंवा शुद्धीसाठीं निराळें पत्र करून द्यावें, ही दुसरी. आपल्याकडील फारखती ती हीच. यावरून निघणारा निष्कर्ष साधा आहे. फिटलेल्या कर्जाचा कागद फाडला जातो. न फिटलेल्या कर्जाचा कागद जपला जातो. मग सावकाराच्या दफ्तरांत दीडशें वर्षांनीं जें आपणांस सांपडतें, तें बव्हंशीं न फिटलेलेंच असणार. जीं खतें वेळेवर फिटलीं त्यांची मोजदाद दफ्तरावरून होणें नाहीं. एखाद्या गांवाचें आरोग्य केवळ वैद्याच्या वहीवरून ठरविण्यासारखें हें आहे.

व्याजाविषयींहि स्मृतीचें म्हणणें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. गहाण असेल तर दरमहा ऐशींवा भाग, म्हणजे वर्षास शेंकडा १५. गहाण नसेल तर वर्णानुक्रमें दरमहा शेंकडा २ पासून ५ पर्यंत. वर्णाचा भेद आज आपण टाकून दिला आहे, परंतु तारणाचा भेद अद्यापि आहे तसाच आहे. ज्याच्यापाशीं तारण आहे त्याला स्वस्त आणि ज्याच्यापाशीं नाहीं त्याला महाग, हा अल्पभूधारकाच्या भांडवलाचा प्रश्न विज्ञानेश्वरानें कल्याणीस बसून मिताक्षरा लिहिली त्याच्याहि पूर्वींचा आहे. रोख्यांत 'दरमहा दर सद्दे २' असें दिसल्यास वर्षास शेंकडा २४ समजावें. आणि तो दर पाहून हळहळण्यापूर्वीं, खतांत गहाण लिहिलें आहे कीं नाहीं, तें पाहावें.

बिनतारणी भांडवलाची दुसरी वाट सरकारची होती, ती तगाईची. हा शब्द अरबी 'तकावी' पासून आला. बळ देणें हा त्याचा अर्थ. शिवछत्रपतींनीं ५ सप्टेंबर १६७६ रोजीं प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेलें पत्र बहुतेक वाचकांस ठाऊक असेल, परंतु तें कर्जव्यवहाराचा कागद म्हणून क्वचितच वाचलें जातें. शेत करण्याची कुवत आहे, माणूसबळ आहे, पण जोतास बैल नाहीं व पोटास दाणा नाहीं, अशास बैलांचे पैसे व धान्य द्यावें. वाढीदिढी न करतां मुद्दलच, त्याच्या ऐपतीप्रमाणें, हळूहळू उगवावें, असा त्याचा आशय आहे. सवाई म्हणजे सव्वापट व दिढी म्हणजे दीडपट, हे धान्याच्या उसनवारीचे चालू दर होते. 'वाढीदिढी' हा शब्द सुभेदारास तत्काळ कळत असे, त्यावर टीका लागत नसे. या एका कलमावर दोन लाख लारी खर्च झाली तरी चालेल, अशी मोकळीकहि त्यांत आहे. येथें तारण कोणतें? जमीन नव्हे, दागिना नव्हे, माणसाची कुवत. अर्थात् हें केवळ औदार्य नव्हतें. पडीत जमीन लागवडीस आली म्हणजे दिवाणाचा ऐवज वाढत होता, आणि पत्रांत तो हिशेबहि स्पष्ट आहे. सभासदानेंहि आपल्या बखरींत नव्या रयतेस गुरें व बीजास दाणा देऊन दोनचार वर्षांनीं ऐवज उगवण्याची रीत नमूद केली आहे. तगाईचीं हीं कलमें गांवच्या व महालाच्या हिशेबांत असतात, रोख्यांच्या बाडांत नसतात. म्हणून केवळ रोखे वाचणारास शेतकऱ्याच्या पतीचें अर्धेंच चित्र दिसतें.

इ. स. १८१८ नंतर हें चित्र पालटलें. १८३६ त इंदापुरापासून नवी पाहणी सुरू झाली, खातेदार ठरले, आणि जमीन गहाण टाकण्यास व विकण्यास पूर्वीपेक्षां फार सुलभ झाली. वरवर पाहतां पत वाढली. १८५५ च्या कायद्यानें व्याजाच्या दरावरील बंधन उठलें. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या खतावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु ऋणकोच्या रक्षणाचा, परिणाम उलटा. मुदत संपण्याच्या आंत सावकार खत पालटून घेऊं लागला, आणि चढलेलें व्याज मुद्दलांत पडूं लागलें. समजा, १०० रुपये शेंकडा २४ नें घेतले व एक पैहि फेडली नाहीं. तीन वर्षांनीं नवें खत १७२ चें, सहा वर्षांनीं २९६ चें, नऊ वर्षांनीं ५०९ चें. दामदुपटाच्या नियमानें पहिल्या खतावर एकंदर घेणें २०० च्या वर जात नसतें. पण प्रत्येक खत नवें म्हणून प्रत्येकाचें दामदुपट निराळें. खत पालटतांना न दिलेलें व्याज त्यांत घालण्याची मोकळीक मनूच्या आठव्या अध्यायांतहि आहे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु दर तीन वर्षांनीं पालटलेंच पाहिजे, अशी सक्ति तेथें नव्हती. शिवाय खतांत रकम पुरती लिहावी व हातीं देतांना मनोती कापून द्यावी, हा प्रकार निराळाच.

अमेरिकेंतील यादवीमुळें कापसास आलेला भाव १८६५ नंतर उतरला, १८६७ पासून फेरपाहणींत सारा वाढला, आणि १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं दंगा झाला. पुणें व नगर जिल्ह्यांत तो पसरला. या दंग्याचा विशेष असा कीं, लोकांस हवे होते ते कागद. खतें व हुकुमनामे मुकाट्यानें हवालीं झाले तेथें पुढें बहुधा कांहीं झालें नाहीं. नाकारले तेथें मारहाण व जाळपोळ झाली. इंग्रज अंमलदारांस हें चमत्कारिक वाटलें. आम्हांस वाटत नाहीं. कागद फाटला म्हणजे ऋण संपलें, हें ज्याच्या रक्तांत भिनलें होतें, त्यानें कागदावर हात टाकावा, हें स्वाभाविक होतें. स्मृतीनें सांगितलेला क्रम मात्र उलटला होता: आधीं फेड व मग फाड, याऐवजीं नुसती फाड.

चौकशीसाठीं नेमलेल्या मंडळानें लग्नकार्यांतील खर्चास कर्जाचें कारण म्हणून अवास्तव महत्त्व दिलें गेलें आहे, असें स्पष्ट म्हटलें. ज्यांना शेतकऱ्याच्या उधळेपणावर लिहावयाचें असेल, त्यांनीं तो अहवाल आधीं वाचावा. पुढें १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा झाला. न्यायाधीशानें खताच्या अक्षरावर न थांबतां व्यवहाराचें मूळ शोधावें, सावकारानें पोंच द्यावी, वर्षाचा हिशेब द्यावा, मागितल्यास पासबुक द्यावें. पाठीवरील वसुलाचीच ही नवी आवृत्ति. त्याला उत्तर म्हणून सावकारांनीं गहाणाऐवजीं खरेदीखतें लिहून घेण्याची वाट काढली. १८७९ नंतरचें प्रत्येक खरेदीखत ही खरी विक्रीच होती, असें म्हणूनच समजूं नये.

पैसा आणावा कोठून, हा प्रश्न कायद्यानें सुटला नाहीं. वेडरबर्न साहेबांची पुरंदर तालुक्यांतील शेतकी पेढीची योजना विलायतेंत नामंजूर झाली. १८८३ व १८८४ च्या कायद्यांनीं तगाई पुन्हा उभी राहिली, १९०४ च्या कायद्यानें सहकारी पतपेढ्या आल्या. तरी १९५४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रामीण पतपाहणींत शेतकऱ्याच्या एकंदर कर्जांत सहकारी संस्थांचा वांटा शेंकडा ३·१ व सरकारचा ३·३ एवढाच भरला. सावकारांचा शेंकडा सुमारें ७० होता. आज जिल्हा बँका आहेत, किसान क्रेडिट कार्ड आहे, आणि बेकायदा सावकारींत गेलेली जमीन परत देवविण्याची तरतूद २०१४ च्या महाराष्ट्राच्या कायद्यांत आहे. रोख्याची पाठ आतां सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यांत गेली आहे. कर्जाचा बोजा तेथें चढतो. आणि कर्ज फेडूनहि तो कमी करून घेतला नाहीं, तर पुढच्या कर्जाच्या वेळीं शेतकरी अडतो. न फाडलेला कागद आजहि बोलतो.

संग्राहकांस आमचें सांगणें एवढेंच आहे. रोख्याचें छायाचित्र घ्याल तेव्हां कोरी दिसली तरी पाठहि घ्या. फिकट शाईचीं वसुलाचीं कलमें तिरप्या उजेडांत दिसतात. एकाच कुळाचीं लागोपाठचीं खतें एकत्र बांधलेलीं आढळल्यास तीं सोडून सालवार लावूं नका. ती जुडी हाच त्या व्यवहाराचा हिशेब आहे. आणि कागद मधोमध वा डोक्याकडून फाडलेला असेल, तर दुरुस्तींत त्या चिरेच्या कडा कातरून सरळ करूं नका, व सूचींत त्यास 'जीर्ण' म्हणून लिहूं नका. 'फाडलेला' असेंच लिहा.