भाषेची मुभा आणि मंडळींचा शिरस्ता

संगणकाला आज्ञा देण्यासाठी रचलेल्या भाषांचे व्याकरण इतके काटेकोर असते की, त्या भाषांत लिहिणाऱ्यांना रूढी, लकबी आणि लोकाचार यांना वाव उरत नसावा, असा समज सहज होतो. जे नियमात बसते ते कंपायलर मंजूर करतो, जे बसत नाही ते फेटाळतो, आणि मामला तिथेच निकाली निघतो. वस्तुस्थिती निराळी आहे. भाषा ज्या शेकडो गोष्टींची मुभा देते, त्यांपैकी कोणत्या वापरायच्या, कोणत्या निषिद्ध मानायच्या आणि कोणत्या निष्कारण मिरवायच्या, हे व्याकरण ठरवीत नाही. लिहिलेले ज्याच्या नजरेखालून जायचे असते, तो ठरवितो.

याचे उत्तम उदाहरण सी ही भाषा. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास ती सिद्ध केली, 1978 साली ब्रायन कर्निघन यांच्यासह तिच्यावर प्रमाणभूत ग्रंथ लिहिला आणि 1989 मध्ये तिचे अमेरिकी मानक प्रसिद्ध झाले. भाषा एकच, परंतु परीक्षेच्या वर्गात, मोटारीच्या पोटात आणि लिनक्सच्या गाभ्यात तिची तीन रूपे इतकी भिन्न आहेत की, एका ठिकाणचा पारंगत दुसऱ्या ठिकाणी उमेदवार ठरावा.

पहिले रूप आपल्या घरचे. मराठवाड्यातील चाकूरच्या विद्यार्थ्याला बारावीनंतर एका बाजूस लातूर आणि दुसऱ्या बाजूस अहमदपूर-लोह्यावरून नांदेड, असे दोन मार्ग खुले असतात. तो कोणत्याही मार्गाने गेला तरी त्याची सीशी पहिली ओळख वर्षानुवर्षे झाली ती टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. बोरलँड कंपनीने 1987 मध्ये डॉससाठी काढलेल्या या साधनात प्रोग्रामचे उत्तर क्षणभर दिसून पुन्हा संपादकाचा पडदा येई, म्हणून शेवटी कळ दाबण्याची वाट पाहणारे 'गेट-सीएच' लिहावे लागे. मागच्या खेपेचे उत्तर पडद्यावर तसेच राही, म्हणून आरंभी 'क्लिअरस्क्रीन' लिहावे लागे. दोन्ही तरतुदी सकारण होत्या, पण त्या सी भाषेच्या नव्हत्या, त्या एका जुन्या साधनाच्या होत्या. पुढे 64 बिटी विंडोजवर ते 16 बिटी साधन चालेनासे झाले, तेव्हा साधन बदलण्याऐवजी डॉसबॉक्स नावाच्या प्रोग्रामद्वारे जुन्या डॉसचाच आभास उभा करून ते चालविण्यात आले. मानकानुसार 'मेन' हे फलन पूर्णांक परत करते. आपल्याकडे 'व्हॉइड मेन' हा मंगलाचरणासारखा पाठ झाला. सी++ चे मानक 1998 साली आले आणि त्यात 'आयओस्ट्रीम'मागचा 'डॉट एच' गेला, तरी प्रात्यक्षिकांच्या जर्नलमध्ये तो पुढे कैक वर्षे सुखाने नांदला.

हा केवळ मराठवाड्याचा दोष नव्हे. देशभर हेच चालले होते. परंतु लातूर पॅटर्नच्या नावाने ज्या भूमीत सराव-परीक्षांची शिस्त एका संस्थेच्या पदवीस पोहोचली, तेथे त्यामागचे कारण अधिक स्पष्ट दिसते. परीक्षकाला एकच निर्विवाद उत्तर हवे असते. 'इंट' किती बाइटचा, या प्रश्नाला भाषेच्या मानकात ठाम उत्तर नाही. टर्बो सीवर मात्र ते दोन होते, आणि तेच गाइडांत छापले गेले. एकाच विधानात एखाद्या चलाची किंमत दोनदा वाढवून 'उत्तर काय येईल?' असे विचारणारे प्रश्न नोकरीच्या चाळणी-परीक्षांत प्रतिष्ठा पावले, वास्तविक अशा विधानाचा अर्थ मानकाने मुद्दाम अनिश्चित ठेवला आहे. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या ग्रंथाने विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना सी सोप्या भाषेत शिकविली हे ऋण मोठे. तथापि वाचणाऱ्याने त्यातून काय उचलायचे, हे शेवटी प्रश्नपत्रिकेने ठरविले.

हाच विद्यार्थी पुण्यात मोटारींच्या नियंत्रण-प्रणाली लिहिणाऱ्या कचेरीत रुजू झाला, की त्याच्या हाती 'मिस्रा सी' हा नियमसंग्रह पडतो. ब्रिटनच्या मोटार-उद्योगाने 1998 साली तो प्रसिद्ध केला आणि 2004 व 2012 मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. वर्गात ज्या पुनरावर्तनाने फॅक्टोरियल काढून आणि हनोईचे मनोरे हलवून गुण मिळविले, ते येथे वर्ज्य. कारण फलन स्वतःलाच किती वेळा हाक मारील आणि तेवढी जागा स्मृतीत असेल की नाही, याची हमी चालत्या गाडीत कोणी द्यावी? ऐनवेळी स्मृती मागून घेणेही याच न्यायाने नामंजूर. येथे वाचणारा परीक्षक नसून सुरक्षेचा तपासनीस असतो.

लिनक्सच्या गाभ्यात तिसराच कायदा. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी 1968 साली 'गोटू' या प्रोग्राममध्ये थेट उडी घेण्याच्या आज्ञेविरुद्ध लिहिलेल्या पत्रापासून ही आज्ञा अध्यापकांनी बहिष्कृत केली आणि मिस्रानेही तिच्यावर बंधन घातले. लिनक्सच्या लेखन-संहितेत मात्र, चूक उद्भवल्यावर घेतलेली साधने क्रमाने परत करण्यासाठी ती वापरावी, अशी उघड शिफारस आहे. तेथे देखभाल करणारा माणूस हजारो अपरिचितांचे लेखन रोज तपासतो. त्याच्या दृष्टीने बाहेर पडण्याची एकच ठरलेली वाट हीच स्पष्टता.

इतर भाषांतही हाच न्याय आहे. पर्लच्या मंडळींनी एकाच कामाचे अनेक मार्ग असण्याचा अभिमान बाळगला, पायथॉनच्या मंडळींनी एकच उघड मार्ग असावा असा आग्रह धरला. आणि त्याच पायथॉनमध्ये अभिव्यक्तीच्या आत किंमत नेमण्याच्या एका लहानशा चिन्हावरून इतका वाद पेटला की, 2018 साली या भाषेचे जनक खिदो फान रॉसम यांनी नेतृत्वच सोडले. गो भाषेने तर मांडणीचा वाद मिटविण्यासाठी सर्वांचे लेखन एकाच साच्यात बसविणारे साधन भाषेबरोबरच दिले.

शिरस्ता बुद्धिपुरस्सर बदलता येतो, याचा दाखला मुंबईच्या आयआयटीत मिळतो. तेथील प्राध्यापक अभिराम रानडे यांनी सी++ शिकविण्यासाठी सिंपलसीपीपी हा संच रचला. त्यात 'रिपीट' अशी मूळ भाषेत नसलेली आज्ञा मिळते, आणि पहिल्याच तासाला विद्यार्थी पडद्यावरचे कासव चालवून चौकोन काढतो. ही सोय ज्या मॅक्रोंच्या आधाराने साधली, त्यांच्याकडे सी++ चे व्यावसायिक संशयाने पाहतात. परंतु येथे वाचणारा नवशिका आहे, हे एकदा निश्चित झाल्यावर तीच निंद्य सोय स्तुत्य ठरली.

म्हणून, टर्बो सी काढून पायथॉन आणले की आपल्या महाविद्यालयांचा प्रश्न सुटेल, ही आशा भोळी वाटते. प्रात्यक्षिकाची वही कोणी चालवून पाहणार नसेल आणि प्रश्नपत्रिका ठरलेलेच उत्तर मागणार असेल, तर पायथॉनमध्येही लवकरच नवे मंगलाचरण तयार होईल. नांदेडच्या विद्यापीठाला आणि त्याच्या संलग्न महाविद्यालयांना खर्चाविना करता येण्याजोगे काम निराळे आहे : प्रत्येक विद्यार्थ्याला वर्गबंधूचा प्रोग्राम द्यावा, त्यात एक नवी गरज भागविण्यास सांगावे, आणि गुण मूळ लेखकालाही त्यावरून द्यावेत. आपले लिहिलेले उद्या दुसऱ्याला वाचून दुरुस्त करायचे आहे हे ज्याला ठाऊक असते, तो 'गेट-सीएच' कशासाठी लिहायचे हा प्रश्न स्वतःलाच विचारतो.