विद्युत्‌चलित मागील दार, मोटारगाडीचे : तारजोडणी

सामानकक्षाचे वर उघडणारे मोठे दार विद्युत् चलित्राने उघडण्याची व मिटण्याची सोय अनेक मोटारगाड्यांत असते. तिच्या तारजोडणीत जाड तारा चलित्राला शक्ती पुरवितात आणि बारीक तारा संवेदकांचे क्षीण संकेत नियंत्रकाकडे नेतात.

१२ व्होल्टच्या घटमालेतून निघालेला प्रवाह वितळतारेमार्गे नियंत्रकात येतो. प्रवाहाची दिशा पालटून नियंत्रक चलित्र सुलट वा उलट फिरवितो [→ विद्युत् चलित्र]. दंतचक्रांनी गती कमी करून ती स्क्रूला दिली जाते व दाराच्या बाजूचा नळीसारखा दांडा लांबतो किंवा आखडतो. चलित्राबरोबर फिरणाऱ्या लहान चुंबकामुळे हॉल परिणामावर चालणाऱ्या संवेदकात स्पंद उमटतात. ते मोजून दार कोठवर आले आहे हे नियंत्रकाला समजते. स्पंद एकाएकी मंदावल्यास अडथळा आला असे धरून दार उलट फिरविले जाते.

काही गाड्यांत दाराच्या कडांना दोन संवाहक असलेली रबरी पट्टी लावतात. तिच्या टोकाशी ठराविक मूल्याचा रोधक जोडलेला असतो. पट्टी शाबूत असता तेवढाच रोध आढळतो. एखाद्याचे बोट सापडून पट्टी दबली, तर संवाहक एकमेकांस टेकून रोध जवळजवळ नाहीसा होतो आणि तार तुटल्यास तो अमर्याद वाढतो. टोकाला रोधक नसता, तर तुटलेली पट्टी व न दबलेली पट्टी यांत नियंत्रकाला फरक करता आला नसता. म्हणून दुरुस्तीत हा रोधक वगळणे किंवा त्याजागी दुसऱ्या मूल्याचा बसविणे धोक्याचे आहे.

कनेक्टरमध्ये पिना, त्यांना पकडणारी स्प्रिंगयुक्त अग्रे, पाणी अडविणारी रबरी कडी व कवच जागी धरणारी खिटी असते. ओलाव्याने अग्रे गंजली की रोध वाढतो. एका जोडात ०·१ ओहम रोध आला व १५ अँपिअर प्रवाह वाहिला, तर १·५ व्होल्ट दाब तेथेच खर्ची पडतो आणि २२·५ वॉट उष्णता निर्माण होते. एवढ्या उष्णतेने प्लॅस्टिकचे कवच वितळू शकते.

मात्र बिघाडाची नेहमीची जागा म्हणजे बिजागरीजवळील रबरी नळी होय. प्रत्येक उघडझापीत तीतील तारा वाकतात. श्रांतीमुळे तांब्याचे धागे एकेक करून तुटतात व निरोधक आवरण चिरते. बाहेरून नळी धड दिसते, दार मात्र कधी चालते, कधी अडते. तेथेच डाख देऊन तार सांधल्यास सांधा ताठ होऊन तार त्याच्या कडेला पुन्हा तुटते. म्हणून नळीतील सबंध तुकडा बदलून सांधे न वाकणाऱ्या भागात घेतात. अर्थात त्यापूर्वी घटमाला सोडवून दाराला भक्कम टेकू देणे आवश्यक असते.

पिनांचे क्रमांक व तारांचे रंग निर्मात्यागणिक व प्रतिकृतीगणिक भिन्न असतात. त्या गाडीचीच आकृती पाहावी लागते. घटमाला पुन्हा जोडल्यावर बऱ्याच गाड्यांत दार एकदा हाताने पूर्ण मिटावे लागते, म्हणजे नियंत्रक तेथून स्पंदांची मोजणी नव्याने सुरू करतो.