ठिपका खरा, वाट कुठली?

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहून फोनमधला नकाशा उघडला, की पायथ्याचं बेलपाडा कड्याला अगदी चिकटून दिसतं. सरळ रेघेत मोजलं तर अंतर काही किलोमीटरच भरतं. मध्ये जवळपास हजार मीटरचा उतार आहे आणि त्यातला बराचसा सरळ तुटलेला आहे, हे मात्र त्या रंगीत पडद्याकडे नुसतं बघून कळत नाही. कड्याच्या कुशीतून चढणारी नळीची वाट ज्यांच्या पायाखालची आहे, त्यांचाही पुरा दिवस ती घेते.

सह्याद्रीत आज जवळपास प्रत्येक ट्रेकरच्या खिशात जीपीएस आहे. त्याच्या पडद्यावर दोन गोष्टी एकत्र दिसतात. एक म्हणजे आपण कुठे आहोत ते दाखवणारा ठिपका आणि दुसरी म्हणजे त्याखालचा नकाशा. ठिपका उपग्रहांकडून येतो, नकाशा माणसांनी आणि यंत्रांनी कधीतरी आधी करून ठेवलेला असतो. दोन्ही एकाच पडद्यावर असल्यामुळे दोन्हींवर सारखाच विश्वास बसतो, आणि डोंगरातल्या बऱ्याच चुकांचं मूळ इथे आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आधी ठिपक्याबद्दल. अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचे तीसेक उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोनदा पृथ्वीभोवती फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं. तो उपग्रह ‘मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजले आहेत’ एवढंच सतत सांगत राहतो. हा संदेश आपल्या फोनपर्यंत यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. त्यावरून उपग्रहाचं अंतर निघतं. तीन अंतरांवरून जागा ठरवता येते, पण फोनमधलं घड्याळ अणुघड्याळाइतकं अचूक नसतं, म्हणून त्याची चूक काढून टाकायला चौथा उपग्रह लागतो. या सगळ्यात आपला फोन फक्त ऐकतो, वर काहीही पाठवत नाही. त्यामुळे मोबाइलला रेंज नसली, फोन एअरप्लेन मोडवर असला, तरी जीपीएस चालतं. ‘रेंज गेली, आता जीपीएस काय कामाचं’ असं पायथ्याशी नेहमी ऐकू येतं. खरं म्हणजे रेंज गेली की नवीन नकाशा उतरवून घेता येत नाही, एवढंच होतं. तो घरीच उतरवलेला असेल तर काहीच अडत नाही. नेटवर्कमुळे पहिला ठिपका लवकर सापडतो, एवढा फायदा खरा. म्हणून गाडीतून उतरल्यावर, अजून रेंज आहे तोवर, मोकळ्या जागी दोन मिनिटं थांबून ठिपका स्थिर होऊ द्यावा.

मे २००० पर्यंत नागरी वापराच्या जीपीएसमध्ये अमेरिका मुद्दाम चूक घालत असे. ती शंभरेक मीटरची असायची. ती बंद केल्यावर डोंगरात हातात घ्यायच्या जीपीएसला खरा अर्थ आला. आज मोकळ्या आकाशाखाली साधा फोनही पाचेक मीटरच्या आत आपली जागा सांगतो. रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बायदू आणि आपल्या इस्रोचे नाविक हे उपग्रहही अनेक फोन ऐकू शकतात. नाविकचे उपग्रह भारताला समोर ठेवून सुमारे ३६,००० किलोमीटरवर बसवलेले आहेत. सुरुवातीच्या काही उपग्रहांतली परदेशी अणुघड्याळं बिघडली. मे २०२३ मध्ये अवकाशात गेलेल्या एनव्हीएस-०१ या नाविक उपग्रहात पहिल्यांदा देशी रुबिडियम घड्याळ बसलं.

ढग आणि धुकं उपग्रहांच्या लहरींना फारसे अडवत नाहीत. म्हणून पावसाळ्यात एखाद्या सड्यावर दहा पावलांपुढचं दिसेनासं होतं, गुरांच्या वाटा चहूकडे फुटलेल्या असतात आणि कुठली कड्याकडे जाते ते कळत नाही, तेव्हा जीपीएस अक्षरशः जीव वाचवतं. तिथे त्याला तोड नाही. अडवतो तो दगड. सामरदजवळच्या सांदण दरीत शिरा आणि पडद्याकडे बघत राहा. दोन्ही बाजूंना कातळाच्या उंच भिंती, वर आभाळाची एक पट्टी. समोरासमोरचे उपग्रह भिंतीआड गेलेले. उरलेल्यांच्या लहरी थेट येण्याऐवजी भिंतीवर आपटून येतात, जास्त अंतर कापून येतात, आणि फोन तेवढं जास्त अंतर खरं मानतो. आपण एका दगडावर शांत बसलेलो असतो आणि ठिपका मात्र या काठावरून त्या काठावर उड्या मारतो. दरीतून किंवा नाळेतून चालताना ठिपका वाटेच्या तीस-चाळीस मीटर बाजूला दिसला, म्हणून वाट सोडून तिकडे सरकू नये. मोकळ्या खिंडीत आलं की तो आपोआप जाग्यावर येतो.

ठिपक्याच्या आणखी दोन खोडी माहीत असाव्यात. एक म्हणजे, बसलेल्या जागीही तो थोडा हलत राहतो आणि काही ॲप ते हलणं चालण्यात धरतात. एकाच ट्रेकवरून आलेल्या दोघांपैकी एकाचे चौदा आणि दुसऱ्याचे सोळा किलोमीटर होतात ते यामुळे. दुसरी खोड उंचीची. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासून. समुद्रसपाटी त्या लंबगोलाशी जुळत नाही, आणि आपल्या भागात ती साठ-सत्तर मीटर खाली आहे. ज्या ॲपमध्ये ही दुरुस्ती नसते, ते १६४६ मीटरच्या कळसूबाईवर १५८० च्या आसपास आकडा दाखवतं. शिखरावर उभं राहून ‘अजून वर कुठे आहे’ म्हणून शोधायची गरज नाही.

एवढं सगळं धरूनही ठिपका बहुतेक वेळा खरा असतो. नकाशाचं तसं नाही.

आपला नकाशाशास्त्राचा वारसा मोठा आहे. सर्व्हे ऑफ इंडिया ही संस्था १७६७ पासूनची. तिच्या ५०,०००ला एक या प्रमाणातल्या टोपोशीट घेऊन महाराष्ट्रातल्या जुन्या डोंगरभटक्यांनी घाटवाटा धुंडाळल्या. त्या नकाशांत कडे वेगळ्या खुणेने काढलेले असत, पाऊलवाटा तुटक रेघांनी दाखवलेल्या असत. २०१७ मध्ये संस्थेच्या अडीचशेव्या वर्षी ते मोफत उतरवून घेण्याची सोय झाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांवरची बरीचशी सरकारी बंधनं उठली. मात्र जुनी टोपोशीट स्कॅन करून फोनमध्ये घालणाऱ्यांनी एक सांभाळावं. जुन्या शीट १८३० च्या ‘एव्हरेस्ट’ या गणिती लंबगोलावर बेतलेल्या आहेत, जीपीएस ‘डब्ल्यूजीएस-८४’ वर. सेटिंग बदललं नाही तर आपल्याकडे ठिपका शंभर मीटरहून जास्त सरकतो. एवढ्या अंतरात आपण धारेवरून दरीत जातो.

आजच्या बहुतेक ट्रेकिंग ॲपमधले नकाशे मात्र वेगळ्या घरातले आहेत. पाऊलवाटा येतात ओपनस्ट्रीटमॅपमधून. हा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला नकाशा स्वयंसेवक भरतात. सह्याद्रीतल्या कितीतरी वाटा मराठी ट्रेकर मुलामुलींनी त्यात घातल्या आहेत, आणि हे काम मोलाचं आहे. डोंगराचा आकार दाखवणाऱ्या समोच्च रेषा मात्र अनेकदा येतात फेब्रुवारी २००० मधल्या एका अवकाशफेरीतून. एंडेव्हर यानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने जमिनीची उंची मोजली. त्या मोजणीत साधारण दर तीस मीटरला एक आकडा आहे. युरोपातल्या गोल टेकड्यांना ते पुरतं. सह्याद्रीला पुरत नाही, कारण सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला आहे आणि जिन्यासारखा उभा आहे. सरळ कडा, मग सपाट पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर. दोनशे मीटरचा कडा आडव्या अंतरात वीस मीटरही जागा घेत नाही, म्हणजे तो दोन आकड्यांच्या मध्येच हरवतो. संगणक ते दोन आकडे एका उताराने जोडून टाकतो आणि कडा तीव्र चढ म्हणून दिसायला लागतो. त्यातून, उभ्या भिंतींच्या आड रडारला दिसलंच नाही तिथे आकडे आजूबाजूवरून भरावे लागले. म्हणजे जिथे चूक सगळ्यात महाग पडते, नेमका तिथेच हा नकाशा सगळ्यात कच्चा आहे.

रेषा अचूक असल्या तरी एक फट राहतेच. वीस मीटर उंचीच्या फरकाने काढलेल्या दोन समोच्च रेषांच्या मध्ये पंधरा मीटरचा कातळटप्पा आरामात लपतो. नकाशात त्याची काहीच खूण नसते. प्रत्यक्षात तिथे दोर लागतो, आणि दोर नसेल तर मागे फिरावं लागतं. म्हणून सह्याद्रीत नकाशा वाचताना एक नियम धरावा. रेषा जिथे एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात, तिथे कडा आहे असंच समजून चालावं. वर चढायची जागा नाळ, खिंड किंवा खाली उतरत आलेली सोंड हीच असते. ‘इथून सरळ वर दीडशे मीटरच तर आहे’ हा विचार मनात आला, की तिथे थांबून वाट शोधावी.

राहिल्या दुसऱ्यांनी चालून ठेवलेल्या वाटा. अशा वाटेची जीपीएक्स फाइल मिळवायची, फोनमध्ये टाकायची आणि त्या रेघेवर ठिपका ठेवत चालायचं, ही आजची सर्रास पद्धत आहे. ती सोयीची आहे, पण त्या रेघेमागे एक माणूस, एक महिना आणि एक ऋतू असतो. तो माणूस चुकून भलत्याच सोंडेवर जाऊन परत आला असेल तर तेही रेघेत असतं. डिसेंबरमध्ये कोरडा असलेला ओढा ऑगस्टमध्ये ओलांडता येत नाही. कारवी माजली की मळलेली वाटही दिसेनाशी होते. घाटाखालच्या एका पाड्यात फोनमधली अशीच रेघ दाखवून विचारलं, ‘मामा, ही वाट इकडनंच ना?’ त्यांनी पडदा नीट न्याहाळला आणि म्हणाले, ‘होती की. गेल्या साली दरड आली, तवा ती बुजली. आता आमी गुरं वरल्या पदरातनं नेतो. ढोरवाट धरा, झऱ्यापशी पानी बी गावंल.’ फाइलमध्ये नसलेल्या तीन गोष्टी एका उत्तरात मिळाल्या: वाट गेली, दुसरी आहे आणि पाणी कुठे आहे. पायथ्याच्या गावात हे दहा मिनिटांचं बोलणं कधीच टाळू नये, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

यंत्र कुठलं घ्यावं, हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात. माझ्या मते एक-दोन दिवसांच्या किल्ल्यासाठी फोन पुरतो. ऑफलाइन नकाशा, भरलेली पॉवर बँक, आणि पडदा सारखा चालू न ठेवण्याची सवय एवढं बास. अनेक दिवसांच्या घाटवाटा, भर पावसाळा आणि हिमालय इथे मात्र गार्मिनच्या ईट्रेक्ससारखं हातातलं यंत्र फोनच्या पुढे जातं. त्याला बटणं असतात, आणि ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही हे ज्यांनी जुलैत अनुभवलंय त्यांना बटणांची किंमत कळते. त्याचा पडदा कडक उन्हात जास्त स्पष्ट दिसतो. फोनचा नेमका तेव्हाच तापून मंद होतो. आणि ते पेन्सिल सेलवर चालतं, जे खेड्यातल्या दुकानातही मिळतात. यासोबत साधं होकायंत्र ठेवावं. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम अंशभराचा फरक आहे, हे आपलं नशीब. फक्त होकायंत्र कातळावर ठेवून वाचू नये. आपल्या काळ्या दगडात लोहखनिज असतं आणि ते सुईला ओढतं.

उपग्रहावरून संदेश पाठवणारी इनरीचसारखी यंत्रं परदेशातून मागवायचा किंवा आणायचा मोह मात्र आवरावा. भारतात ती परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये गोव्यात विमानतळावर परदेशी पाहुण्यांना त्यापायी ताब्यात घेतलं गेलं होतं.

मग अडचणीत आपल्याकडे उरतो तो फोन, कुठल्यातरी धारेवर मिळणारी एखादी दांडी रेंज आणि ११२ हा क्रमांक. इथे आकडे नीट सांगणं फार महत्त्वाचं आहे. राजगड साधारण १८.२५ उत्तर अक्षांशावर आहे. हे दशांशातले अंश. ऐकणाऱ्याने ते ‘१८ अंश २५ मिनिटं’ असं लिहून घेतलं, तर जागा साडेअठरा किलोमीटर उत्तरेला सरकते आणि शोधपथक सिंहगडाच्याही पलीकडे, खडकवासल्याच्या बाजूला पोचतं. म्हणून आकडे तोंडी सांगितले तरी मेसेजनेही पाठवावेत, कारण बोलण्याइतकी रेंज नसताना मेसेज जाऊ शकतो. दशांशानंतर चार आकडे द्यावेत, म्हणजे चूक दहा-बारा मीटरच्या आत राहते. सोबत ‘दशांश अंश’ असं लिहावं. आणि एक ओळ शब्दांत लिहावी: कुठल्या गावाच्या बाजूला, कुठल्या सोंडेवर, कड्याच्या वर की खाली. कड्याच्या वरचा आणि खालचा माणूस जीपीएसच्या आकड्यांत जवळजवळ एकाच जागी असतो. त्याच्यापर्यंत पोचायच्या वाटा मात्र अगदी वेगळ्या असतात.