घरच्या संगणकाचे आरोग्य : अँटिव्हायरस आणि फायरवॉल यांची निवड

‘कोणता अँटिव्हायरस चांगला?’ असा प्रश्न मंडळातील सहव्यावसायिक मला अनेकदा विचारतात. विचारणाऱ्याला उत्तरात एखादे नाव हवे असते. परंतु रुग्ण न तपासता औषधाचे नाव सांगणे आपल्याला जसे प्रशस्त वाटत नाही, तसेच हेही आहे. रोग कोणत्या मार्गाने येतो हे कळले, तर निवड सोपी होते आणि बहुधा स्वस्तही होते.

हा विषय डॉक्टरांनी मनावर घ्यावा याला एक विशेष कारण आहे. आपल्यापैकी अनेकांचा दवाखाना खाली आणि बिऱ्हाड वर असते. ज्या संगणकावर मुले खेळ उतरवून घेतात, त्याच संगणकावर रुग्णांचे अहवाल, विम्याची पत्रे आणि संदर्भचिठ्ठ्या साठलेल्या असतात. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट कपाटात कुलपाआड ठेवणारे आपण, संगणकाच्या बाबतीत मात्र दार सताड उघडे ठेवतो.

संसर्गाचे दोन मार्ग

पहिला मार्ग आपल्याच हाताने उघडतो. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ या नावाचा व्हायरस जगभर पसरला तो ई-मेलच्या जोडपत्रातून. परिचिताकडून आलेले प्रेमपत्र समजून लोकांनी ते जोडपत्र उघडले आणि संसर्ग झाला. दुसऱ्या मार्गात आपण काहीही करण्याची गरज नसते. ऑगस्ट २००३ मधील ‘ब्लास्टर’ हा किडा विंडोजमधील एका दोषाचा फायदा घेऊन, केवळ इंटरनेटला जोडलेल्या संगणकात आपण होऊन शिरत असे.

पहिल्या मार्गावरचा पहारेकरी म्हणजे अँटिव्हायरस आणि दुसऱ्या मार्गावरचा म्हणजे फायरवॉल. फायरवॉलचे काम त्वचेसारखे आहे. न बोलावता बाहेरून येणारी जोडणी ती अडवते. परंतु जे आपण स्वतः गिळले, त्यापुढे त्वचेचा इलाज चालत नाही. म्हणून एकामुळे दुसऱ्याची गरज संपत नाही.

अँटिव्हायरसची पारख

अँटिव्हायरस दोन रीतींनी निदान करतो. ज्ञात व्हायरसच्या ओळखखुणांशी तो प्रत्येक फाइल ताडून पाहतो आणि अनोळखी प्रोग्रॅमच्या वागणुकीवरून संशय घेतो. संशयिताला तो विलगीकरणात ठेवतो. प्रत्येक व्हायरस बिनचूक ओळखणारा प्रोग्रॅम असूच शकत नाही, हे अमेरिकन संशोधक फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच गणिताने सिद्ध केले आहे. तेव्हा ‘शंभर टक्के संरक्षण’ ही जाहिरात वाचताना शंभर टक्के गुणकारी औषधाच्या जाहिरातीची आठवण ठेवावी.

कोणत्याही तपासणीला आपण दोन प्रश्न विचारतो : संवेदनशीलता किती आणि विशिष्टता किती? अँटिव्हायरसलाही तेच विचारावेत. समजा, संगणकात २ लाख निरोगी फायली आहेत आणि कार्यक्रमाची विशिष्टता ९९.९ टक्के आहे. आकडा भरघोस वाटतो. पण २०० निरोगी फायली रोगी ठरतील. याचे उदाहरणही घडलेले आहे. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने विंडोज एक्सपीचा एक अत्यावश्यक घटकच व्हायरस ठरवला आणि असंख्य संगणक पुनःपुन्हा बंद होऊ लागले. आपल्या भाषेत हा स्वयंप्रतिरोधी विकारच होय.

सुदैवाने या चाचण्या आपणास कराव्या लागत नाहीत. जर्मनीतील ‘एव्ही-टेस्ट’ आणि ऑस्ट्रियातील ‘एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज’ या संस्था त्या नियमितपणे करून निष्कर्ष प्रसिद्ध करतात. किती व्हायरस पकडले, किती खोटे इशारे दिले आणि संगणक किती मंदावला, हे तिन्ही रकाने पाहावेत. एकाच महिन्याचा निकाल न पाहता सलग काही निकाल पाहावेत.

पैसे मोजावेत का? विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा अँटिव्हायरस विंडोजसोबतच येतो; सामान्य घरासाठी तो चालू आणि अद्ययावत असणे माझ्या मते पुरेसे आहे. विकतच्या कार्यक्रमात मुलांसाठी नियंत्रण, अनेक उपकरणांसाठी एकच परवाना, दूरध्वनीवर मदत अशा सोयी मिळतात. त्या हव्या असतील तर अवश्य घ्यावा. पुण्याच्या कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी उभ्या केलेल्या ‘क्विक हील’चा आपल्याला अभिमान वाटतो, तरी त्यालाही तीच कसोटी लावावी. मात्र नूतनीकरणाची तारीख विसरू नये. मुदत संपलेला अँटिव्हायरस हा मुदत संपलेल्या लसीसारखा. कुपी कपाटात दिसते, संरक्षण मिळत नाही.

दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवू नयेत. ते एकमेकांवर संशय घेतात आणि संगणक अडखळतो.

फायरवॉलविषयी

ऑगस्ट २००४ मधील विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून विंडोजची फायरवॉल मुळातच चालू स्थितीत मिळू लागली. घरच्या वापरासाठी वेगळी विकत घेण्याची गरज सहसा भासत नाही. तिची आज्ञावली बदलण्यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. ती चालू आहे ना? एखादा प्रोग्रॅम परवानगी मागतो तेव्हा आपण न वाचता ‘होय’ म्हणत नाही ना? परिषदेच्या वा हॉटेलच्या वायफायला जोडताना ‘सार्वजनिक’ हा पर्याय निवडला ना? घरच्या राऊटरमध्येही बहुधा फायरवॉल असते. त्याचा मूळ पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदलावा.

दोन्ही असूनही

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८० न्यासांचे काम विस्कळीत केले. रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या. ज्या दोषातून तो शिरला, त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. लस उपलब्ध होती. टोचून घेतलेली नव्हती. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समधील सर्व्हर खंडणीखोरांच्या हल्ल्याने बंद पडले आणि कित्येक दिवस काम कागदावर करावे लागले.

म्हणून विंडोजची अद्ययावतीकरणे टाळू नयेत. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. वाढीव सुरक्षेची नोंदणी न केलेल्या अशा संगणकावर रुग्णांची माहिती ठेवू नये. मुलांसाठी मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते उघडावे. महत्त्वाच्या फायलींची प्रत दर आठवड्याला बाह्य डिस्कवर घ्यावी आणि डिस्क लगेच काढून ठेवावी. ती जोडलेलीच राहिली तर खंडणीखोर तिलाही कुलूप घालतो. ही प्रत उघडते की नाही, हेही अधूनमधून पाहावे.

‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडले, या क्रमांकावर दूरध्वनी करा’ अशी चौकट पडद्यावर आली, तर ती फसवणूकच समजावी. पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी.

तेव्हा ‘कोणता अँटिव्हायरस?’ या प्रश्नाला माझे उत्तर असे : चाचणीत सातत्याने उतरलेला, अद्ययावत असलेला आणि एकच. फायरवॉल चालू ठेवावी, दुरुस्त्या वेळेवर घ्याव्यात आणि प्रत वेगळी ठेवावी. या चार गोष्टींना महिन्याकाठी फार तर दोन तास लागतात. रुग्णाची माहिती एकदा बाहेर गेली, तर ती परत आणण्याचे औषध मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही.