टपाल की पार?

माझा मुलगा संगणकाच्या क्षेत्रात आहे. नोकरी सांभाळून तो एका मोफत सॉफ्टवेअरच्या कामात हातभार लावतो. ते करणारी मंडळी देशोदेशी विखुरलेली. मागच्या ईदला तो घरी आला, तेव्हा त्यांच्यात एक वाद पेटला होता. आपसांतली चर्चा मेलिंग लिस्टवरच ठेवायची, की फोरमवर न्यायची? मी विचारलं, तर हसून म्हणाला, "अब्बा, हा तुमच्या गझलेचा प्रांत नाही." पण त्यानं उलगडून सांगितलं, तेव्हा प्रांत ओळखीचा निघाला.

मेलिंग लिस्ट म्हणजे टपाल. एका पत्त्यावर पत्र टाकलं की ते प्रत्येक सभासदाच्या घरी पोचतं. फोरम म्हणजे गावातला पार. तिथं आपण उठून जायचं, हव्या त्या विषयाची बैठक गाठायची, ऐकायचं, वाटलं तर बोलायचं.

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्सच्या गाभ्याचं काम आजही मुख्यतः टपालाच्या रीतीनं चालतं. एखादा आपली दुरुस्ती ईमेलनं पाठवतो. जाणकार त्यातली एकेक ओळ उचलून तिच्याखाली हरकत लिहितात. तो सुधारून पुन्हा पाठवतो. हे ऐकलं आणि मला माझे उस्ताद आठवले. मी गझल पाठवायचो, ते पोस्टकार्डावर इस्लाह करून धाडायचे. ओळ माझी, खाली त्यांचा शेरा : 'वजन तपासा.' बारकाईचं काम असं कागद समोर ठेवूनच होतं.

मात्र टपालाचा जाचही असतो. रोज शेकडो पत्रं येऊन पडली, तर नवखा माणूस गांगरतो. एकदा गेलेलं पत्र परत घेता येत नाही. पारावर चुकलेला शब्द सुधारता येतो, भांडण वाढलं तर थांबवता येतं, आणि एक प्रश्न विचारायला आलेल्याला रोजच्या टपालाचा भार घ्यावा लागत नाही. पायथन ही संगणकभाषा घडवणाऱ्यांनी २०२२ साली आपली मुख्य चर्चा मेलिंग लिस्टवरून फोरमवर नेली.

मग निवड कशी करायची? रोजचे जाणते मोजके असतील आणि काम ओळीओळीचं असेल, तर टपाल बरं. येणारे-जाणारे, शिकणारे पुष्कळ असतील, तर पार बरा.

पण मला त्याहून मोठा वाटला तो प्रश्न वेगळाच. जुनं बोलणं राहणार कुणाकडे? याहू ग्रुप्समध्ये दोन्ही सोयी होत्या. पत्रं घरपोच येत, तिथं जाऊन वाचताही येत. २०१९ च्या ऑक्टोबरात कंपनीनं जुना साठा पुसण्याचं जाहीर केलं आणि १५ डिसेंबर २०२० रोजी सेवाच बंद केली. ज्यांनी पत्रं आपल्याकडे जपली होती, त्यांची राहिली. केवळ तिथं जाऊन वाचणाऱ्यांना मुदतीच्या आत सारं उतरवून घेण्यासाठी धावपळ करावी लागली.

उस्ताद जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मुशायऱ्यांत ते जे बोलले, ते हवेत विरलं. पोस्टकार्डं माझ्या पत्र्याच्या पेटीत आहेत. मी ती पेटी मुलासमोर उघडली. तो बराच वेळ वाचत बसला.

त्याच्या मंडळींनी अखेर फोरम निवडला. मात्र एक अट घालून : दर महिन्याला सगळ्या चर्चेची प्रत काढायची आणि ती निदान तिघांच्या घरी ठेवायची.