डोळ्याच्या पडद्याची दुखणी

म्हाताऱ्या माणसाला दिसेनासे झाले की आपल्याकडे घरातले सगळे एकच निदान करतात : मोतीबिंदू. मग ‘पिकू द्या, ऊस गेला की ऑपरेशन करू’ असे ठरते. माळशिरस तालुक्यातल्या रुग्णांकडून हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. मोतीबिंदूत थोडे थांबल्याने सहसा बिघडत नाही. पण दोष डोळ्याच्या पाठीमागच्या पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात असेल, तर थांबण्यात नजर जाते.

हा पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. त्याला वेदना कळत नाही. म्हणून तो बिघडला तरी डोळा दुखत नाही, लालही होत नाही.

मधुमेहात साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात. काही जुन्या ठिबकच्या नळीसारख्या झिरपतात व पडद्याला सूज येते, काही बुजतात. रक्त न मिळालेल्या भागात नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या इतक्या कच्च्या असतात की डोळ्यात रक्तस्राव होतो. गंमत म्हणजे तोवर रुग्ण बिनचष्म्याचा पेपर वाचत असतो! म्हणून मोठ्या वयात मधुमेह झाल्याचे समजताच, आणि पुढे दर वर्षी, पडदा तपासून घ्यावा. लेसरने किंवा डोळ्यातल्या इंजेक्शनने पुढचे नुकसान बहुधा रोखता येते. गेलेली नजर पुरती परत येईलच असे नाही.

रक्तदाबाच्या रुग्णात पडद्याची शीर गुठळीने बंद पडून एका डोळ्याची नजर एकाएकी मंदावते. रोहिणी बंद पडली तर क्षणात अंधार होतो. तो पक्षाघाताचाच भाऊ समजावा आणि तडक मोठे रुग्णालय गाठावे.

तिसरा प्रकार पडदा सुटण्याचा. जाड उणे नंबरचा चष्मा असणारे, डोळ्याला मार लागलेले आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले यांनी जपावे. आधी डोळ्यापुढे विजा चमकतात, काळ्या ठिपक्यांचा थवा दिसतो, मग एका बाजूने सावली सरकत येते. पूर्वी हा आजार असाध्य मानीत. पडद्याचे छिद्र बुजवले तर तो पुन्हा चिकटतो, हे स्वित्झर्लंडच्या ज्यूल गोनँ यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिले. सावली मध्यापर्यंत पोचण्याआधी, एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया झाली तर चांगली नजर वाचते. अशा वेळी चष्म्याच्या दुकानात नंबर काढत बसू नये.

तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. नंतर काही तास अंधुक दिसते, ऊन सोसवत नाही. अकलूज-पंढरपूरला जाताना मोटारसायकल चालवायला कोणी सोबत न्यावे.